शंभर दाण्यांचा इसार

परमेश्वराने उद्या ही पृथ्वी विकायला काढली आणि आमचे हे गृहस्थ गिऱ्हाईक म्हणून गेले, तर "एका बाजूला एवढी ओल कशी?" असं विचारून ते देवाला समुद्र दुरुस्त करायला लावतील. आणि देवाने तो दुरुस्त केलाच, तर "हां, आता बराबर झालं, मंग भाव पुढच्या शनिवारी बोलू" असं म्हणून एसटीने परत जातील. हे मी अंदाजाने सांगत नाही. तीर्थपुरीतलं आमचं तीन खोल्यांचं घर मी याच गृहस्थांना विकायला निघालो होतो.

घर विकायची कारणं साधी होती. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो होतो, मुलाने पुण्यात फ्लॅट घेतला होता आणि बायकोचे गुडघे दुखायला लागले होते. या तिन्हींची बेरीज मी एकट्यानेच केली, पाडव्याच्या आत घर विकून पुण्याला जायचं ठरवलं आणि मुलाला तसा शब्दही देऊन टाकला. बायकोला सांगितलं तेव्हा ती मेथी निवडत होती. "बरं," एवढंच म्हणाली. इतक्या लवकर होकार मिळाला म्हणून मी त्या दिवशी फार खुशीत होतो.

गृहस्थ जालन्याचे. एमआयडीसीतल्या एका बियाण्याच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं एकच काम केलं. ओल्या कागदात शंभर दाणे गुंडाळून ठेवायचे, आठव्या दिवशी उघडायचे आणि किती उगवले ते मोजायचे. पुरेसे उगवले तर माल पास, नाहीतर नापास. मधलं काही नाही. पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी नांदेडला दिलेली, आणि सारं आयुष्य भाड्याच्या खोल्यांत गेलेलं. बहीण कुंभार पिंपळगावला असल्यामुळे म्हातारपणी याच बाजूला स्वतःचं घर घ्यावं असं त्यांच्या मनात आलं. संक्रांत झाल्यावर पहिल्यांदा आले ते हातात कापडी पिशवी, खिशात भिंग आणि कपाळावर आठ्या घेऊन. ओट्यावर बसले, पाणी मागितलं, पहिला घोट बराच वेळ तोंडात धरला आणि म्हणाले, "बोअरचं हाय. आडाचं न्हाई." मग तासभर तिथेच बसून राहिले. घरात पाऊलही टाकलं नाही. "घर बघता ना?" मी विचारलं. "बघूनच राह्यलो," ते म्हणाले, "आज फक्त बाहेरून."

दुसऱ्या शनिवारी त्यांनी भिंती वाजवल्या. खिशातून एक जुनं नाणं काढलं आणि प्रत्येक भिंतीला कान लावून ठकठक करत सगळं घर फिरले. ते काम चाललेलं असताना कुणी बोलायचं नाही, भांडं वाजवायचं नाही, मी खोकायचंसुद्धा नाही असा हुकूम होता. तिसऱ्या शनिवारी टॉवेल घेऊन आले आणि आमच्या न्हाणीघरात चक्क आंघोळ केली. ओलेत्यानेच दार किलकिलं करून म्हणाले, "गुरुजी, पाणी तुंबतंय. उतार कमी हाय." चौथ्या शनिवारी जेवून आले आणि झोपायच्या खोलीत चटई टाकून पडले. कारण काय, तर दुपारची झोप न लागणारं घर घेऊन करायचं काय? दोन तास घोरत होते. उठून तोंड धुतलं आणि म्हणाले, "झोप न्हाई लागली. पंखा करकरतो."

त्यांच्या घासाघिशीची तऱ्हाच न्यारी. दुसरं गिऱ्हाईक खोट काढतं ते भाव पाडायला. हे खोट काढायचे आणि "नीट करा, मंग भाव बोलू" म्हणून उठायचे. पाडवा जवळ येत होता, दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. मी न्हाणीघराचा उतार नीट करून घेतला, पंख्याला तेल घातलं, मागच्या दाराची बिजागरी बदलली, गच्चीवरची टाकी घासून घेतली. पंखा बिनआवाजाचा फिरायला लागला त्या दिवशी बायको त्याच्याकडे बघत राहिली. म्हणाली, "तेहतीस वर्षं मी सांगून राह्यले, पंखा करकरतो म्हणून. तवा न्हाई ऐकू आलं?" मी हसण्यावारी नेलं. गृहस्थांनी शेजाऱ्यांचीही तपासणी केली. पलीकडच्या चाचींना कंपाउंडवरून विचारलं, "इनसे झगडा वगैरा होता क्या?" चाची म्हणाल्या, "गुरुजी से क्या झगडा करना? वो किसी की सुनतेच नै." गृहस्थांनी हे वहीत लिहून घेतलं. कोणत्या सदरात लिहिलं, कोण जाणे.

होळीच्या सुमाराला त्यांनी शेवटची अट काढली. तीन ओली गोणपाटं, प्रत्येकात गावरान वालाचे शंभर दाणे, प्रत्येक खोलीत एक गुंडाळी. "भिंतीत ओल किती, खोलीत ऊब किती, सगळं बी सांगतं. माणूस खोटं बोलल, बी न्हाई बोलत. आठव्या दिवशी मोजतो. पास झालं की त्याच दिवशी इसार देतो." फक्त गुंडाळ्यांवर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायला हवं होतं. "गुरुजी, तुम्ही विसराल," ते म्हणाले. मी छाती फुगवून म्हणालो, "अहो, ही आहे की! या घराचा स्लॅब टाकला तेव्हा एकवीस दिवस हिने एकटीने पाणी मारलंय. एक वेळ चुकली नाही." "बस्स, मंग फिकीर न्हाई," गृहस्थ म्हणाले आणि बायकोच्या हातात तांब्या दिला. तिने तो घेतला आणि आत गेली.

आठव्या दिवशी ते न्हाऊन-धुऊन, इस्त्रीचा सदरा घालून आले. मी पेढे आणून ठेवले होते. बैठकीच्या खोलीतली गुंडाळी उघडली, भिंग लावलं, एकेक दाणा बोटाने सरकवत मोजला. "ब्याण्णव." झोपायच्या खोलीतले नव्वद. मी पेढ्यांच्या खोक्याची दोरी सोडायला घेतली. मग ते स्वयंपाकघरात गेले. तिथली गुंडाळी उचलली तर गोणपाट कडकडीत वाळलेलं. आत शंभरच्या शंभर दाणे जसे ठेवले तसे, टणक. ओट्याजवळ बायको पाठमोरी उभी होती. गृहस्थांनी एक दाणा दाताखाली धरला, दुसरा उजेडात पाहिला आणि हळूच म्हणाले, "वहिनी, हे बी मेलेलं न्हाई. ह्याला पाणीच भेटलं न्हाई."

माझ्या तोंडून आधी "विसरली असेल" हेच निघालं. पण ते म्हणताना मलाच कळलं की हे खरं नाही. एकवीस दिवस स्लॅबला पाणी मारणारी बाई आठ दिवसांत विसरत नसते. "अगं, का?" मी विचारलं. तिने पदराने हात पुसले. "तिन्ही उगवले असते तर तुम्ही आज घर दिलं असतं. भायेरच्या दोन खोल्यांत हात गेला. इथं न्हाई गेला." "मग आधी बोलायचं नाही का?" "विचारलं कधी तुम्ही? ठरवून आल्ता. सांगितलं, मी बरं म्हणले." त्या शांत आवाजाची मला जितकी लाज वाटली, तितकी उभ्या आयुष्यात कुणी ओरडल्यावर वाटली नव्हती. पस्तीस वर्षं मुलांना प्रश्न विचारण्याचा पगार घेतला आणि घरात एक प्रश्न विचारायचा राहून गेला. मी तिथेच पाटावर बसलो आणि म्हणालो, "आता विचारतो. जायचं का पुण्याला?" ती म्हणाली, "चार दिवस जाऊ, लेकराला भेटू. पण परत यायला घर पाहिजे ना?"

गृहस्थ इतका वेळ भिंतीकडे तोंड करून उभे होते. व्यवहार मोडला होता, इतक्या शनिवारांचं एसटीभाडं आणि दोन महिन्यांची उमेद पाण्यात गेली होती. वाटलं, आता हा माणूस चिडणार. ते वळले आणि म्हणाले, "गुरुजी, घर पास. मालकीण नापास. असला माल मी उचलत नसतो." मग ते शंभर वाळके दाणे रुमालात बांधून बायकोच्या पुढ्यात ठेवले. "हा माझा इसार. कधी मनातून वाटलं तर घर मलाच द्यायचं, दुसऱ्याला बिलकुल न्हाई. तवर तपासणीला येत राहीन. आणि ते पेढे काढा, आणले हाईत तर." आठ पेढ्यांपैकी पाच त्यांनीच खाल्ले आणि खवा जुना असल्याचं सांगितलं.

मुलाची समजूत काढायला मला महिना लागला. गृहस्थांनी बहिणीच्या शेजारी दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि पुढची तीन वर्षं ते एक शनिवाराआड आमच्याकडे येत राहिले. कधी खिडकीची कडी सैल, कधी पत्रा वाजतोय. विकायला काढलेलं आमचं घर न विकताच गावात सगळ्यात धडधाकट होऊन बसलं. बायको आधी त्यांना "तुमचं गिऱ्हाईक" म्हणायची, ती पुढे "आमचे भाऊ" म्हणायला लागली. इसाराचे दाणे मात्र तिने नुसते डब्यात ठेवले नाहीत. बी नुसतं ठेवून दिलं की मरतं, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. म्हणून ती दर पावसाळ्यात ते कंपाउंडच्या कडेने लावते, शेंगा चाचींना वाटते आणि नव्या बियांतले शंभर दाणे पुन्हा त्याच रुमालात बांधते. दर होळीला शंभर दाणे गोणपाटात ठेवायचे आणि आठव्या दिवशी भाऊंनी भिंग घेऊन मोजायचे, असा आमच्याकडे एक सणच झाला.

गेल्या वर्षी साखरेच्या आजाराने त्यांचे डोळे अधू झाले. मुलीने त्यांना नांदेडला नेलं. जाताना भिंग आमच्याकडे ठेवून गेले. आता त्यांचा शनिवारी फोन येतो. "पंखा करकरतो का?" हा पहिला प्रश्न, माझी तब्येत नंतर. मी मुकाट्याने उत्तर देतो. खरं सांगायचं तर शनिवारी एसटी येण्याच्या वेळी मी अजून ओट्यावर जाऊन बसतो.

या होळीनंतर आठव्या दिवशी बायकोने गुंडाळी उघडली. मी भिंग धरलं, तिने मोजले. अठ्ठ्याऐंशी. दोनदा मोजले तरी तेवढेच. तेवढ्यात फोन वाजला, तो तिने स्पीकरवर लावला. "वहिनी, किती?" तिने एकदा त्या न उगवलेल्या बारा दाण्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "भाऊ, शंभर. समदे उगवले." मग ते म्हणाले, "तीस वर्षं मोजले मी. शंभरात शंभर मला एकदाही भेटले न्हाईत." मी मान खाली घातली. चोरी पकडली गेली असंच मला वाटलं. पण ते पुढे म्हणाले, "तुमच्या घरात उगवले असतील, वहिनी. पास लिहा."