मागच्या चाकाची उटी

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. बायको म्हणते, रिटायर झालात, आता सोडा की. नाही सोडणार. म्हणून तर लिहायला बसलो. माझं शिक्षण सातवी, तीही दुसऱ्या खेपेला पास. शिपाई म्हणून भरती झालो आणि सहायक फौजदार म्हणून बाहेर पडलो. शुद्धलेखन छापणाऱ्यांनी बघून घ्यावं, मजकुराला हात लावू नये. नाव कुणाचंही लिहिणार नाही. ज्याचं त्याला कळेल.

वसईत लष्कराच्या इतिहासाची आवड असलेल्या लोकांचं एक मंडळ आहे. आठ-दहा माणसं, पगार कुणालाच नाही. होळी गावात एका वाडीवाल्याने नारळाच्या झाडांखाली पत्र्याची शेड बांधून दिली, तिथे त्यांच्या गाड्या असतात. लष्कराने लिलावात काढलेली एक जीप आणि एक तीन टनी लॉरी. दर रविवारी ही मंडळी तिथे जमतात, गंज घासतात, ग्रीस भरतात, रंग लावतात. आपल्याकडची हवा खारी, लोखंड खाऊन टाकते. एक रविवार चुकला तर दोन रविवारांचं काम वाढतं. आणि प्रजासत्ताक दिन, स्वातंत्र्य दिन आला की गाड्या मैदानात आणून लोकांना दाखवायच्या. कुठल्या लढाईत काय झालं ते सांगायचं. चांगलं काम आहे. मी वाईट म्हणणार नाही.

त्या मंडळाचे अध्यक्ष आचोळ्याला फ्लॅटमध्ये राहायचे. मुंबईच्या ऑफिसातून निवृत्त. लढायांच्या तारखा तोंडपाठ, भाषण फर्डं, पण हाताला कधी ग्रीस लागलेलं कुणी पाहिलं नव्हतं. आणि गाड्या ज्याच्या जिवावर चालायच्या तो माणूस वेगळा. मूळचा देशावरचा, लष्करात लॉरीच चालवायचा, हवालदार म्हणून पेन्शनीत आला. त्याने शेडमध्ये फळ्यावर नियम लिहून ठेवले होते. गाडीखाली तेलाची परात, बाजूला वाळूची बादली, भोवती दोरी, आणि गाडी उभी केली की चाकाला उटी. उटी म्हणजे लाकडाचा तिरका ठोकळा, गाडी सरकू नये म्हणून लावतात तो. लॉरीच्या दोन उट्या होत्या. त्यांच्यावर त्याने पांढऱ्या रंगाने एक आणि दोन असे आकडे घातले होते. हँडब्रेक जुना आहे, त्याच्या भरवशावर राहू नये, हेही फळ्यावर लिहिलेलं.

माझ्या नोकरीचं शेवटचं वर्ष. सव्वीस जानेवारी. मैदानाला मागच्या बाजूला उतार होता, तिथे लॉरी उभी. मी बंदोबस्ताला फाटकावर होतो. झेंडावंदन झालं, भाषणं झाली, एक पुढारी आले, स्टेजवर त्यांचा सत्कार झाला. मग त्यांना लॉरीवर चढून फोटो काढायचा होता. पुढे पाच मिनिटांत किंकाळी ऐकू आली.

लॉरी मागे सरकली होती. मागे सावलीला पाचूबंदरची एक मासेवाली बसली होती. सकाळचा धंदा आटपून, रिकामी पाटी घेऊन, झेंडा बघायला थांबलेली. चाक तिच्या नडगीवर गेलं. मी धावत पोचलो तेव्हा अध्यक्ष त्या ड्रायव्हरच्या अंगावर ओरडत होते, "ब्रेक का नाही लावलास? तुला सांगितलं होतं ना मी!"

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

बाईला इस्पितळात नेलं, मी पंचनामा केला. पुढच्या चाकाच्या पुढे एक नंबरची उटी जागेवर. मागे काही नाही. मी लिहिलं, "मागील चाकास उटी लावलेली नव्हती." मग इस्पितळात गेलो. बाई कळवळत होती. डॉक्टर म्हणाले लवकर आवरा, ऑपरेशनला घ्यायचीय. मी माझ्या सवयीने लिहिलं, चालकाच्या निष्काळजीपणामुळे वाहन मागे येऊन मला गंभीर दुखापत झाली. असे जबाब मी आयुष्यात ढिगाने लिहिले, अक्षर माझं चांगलं, साहेब लोक कौतुक करायचे. वाचून दाखवलं न दाखवल्यासारखं केलं आणि अंगठा घेतला. तिला एक प्रश्न विचारला नाही. एक.

संध्याकाळच्या आत ठाण्यात एक गृहस्थ आला आणि माझ्या कानाशी लागला. "फौजदार, तो ड्रायव्हर पिऊन होता. माझं नाव नको." मी ड्रायव्हरला लगेच तपासणीला पाठवला. थेंब नाही. माणूस माळकरी निघाला. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. फुकटची टीप घेऊन कुणी ठाण्याची पायरी चढत नाही, त्याला कशाची तरी भीती असते. पण सणाचा दिवस, पाय दुखत होते, गुन्हा सरळ दिसत होता.

कलम साधं होतं, अटकेची गरज नव्हती. मी नोटीस काढली. "हवालदार, इथे सही करा आणि घरी जा. बोलावलं की या."

त्याने नोटीस वाचली. माझ्यासारखीच हळू वाचली, ओळीखाली बोट धरून. मग कागद परत माझ्याकडे सरकवला.

"यात आरोपी लिहिलंय, साहेब."

"मग काय पाहुणे लिहू?"

"मी उटी लावली होती. मागच्या चाकाला, दोन नंबरची. ती आणून द्या, मग सही मागा."

"नव्हती तिथे. पंचनामा आहे."

"पंचनामा तुम्ही नंतर केला. उटी मी आधी लावली."

त्याने सही केली नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला इस्त्रीचे कपडे घालून ठाण्यात हजर. बाकावर बसला. सहाला उठून गेला. तिसऱ्या दिवशी पुन्हा. ठाणे अंमलदार वैतागला, येणारी-जाणारी विचारायला लागली, हे काका कोण? चौथ्या दिवशी मी भडकलो.

"अरे बाबा, इथे काय एसटी येणार आहे का? कशाला बसता रोज?"

"नोटीस घेतली तर आरोपी होतो. घरी बसलो तर पळाला म्हणाल. म्हणून तुमच्या डोळ्यांसमोर बसतो."

"त्या बाईचा पाय मोडलाय, त्याची लाज नाही?"

तेव्हा पहिल्यांदा त्याचा आवाज चढला. "लाज आहे म्हणून तर बसलोय! माझ्या गाडीने माणूस मोडला. सगळ्या नोकरीत माझ्या गाडीने कोंबडी मेली नाही. पण उटी मी लावली होती. हे मी मरेपर्यंत सांगणार. तुम्ही लिहा नाहीतर नका लिहू."

मी हट्टी आहे, गावभर माहीत आहे. पण हट्ट्याला हट्टी बरोबर ओळखतो. खोटा माणूस रोज कहाणीत भर घालतो. हा चार दिवस एकच वाक्य बोलत होता आणि त्यात एक शब्द इकडचा तिकडे झाला नव्हता. मी टोपी उचलली आणि इस्पितळ गाठलं.

बाईच्या पायात सळई घातली होती. मला बघून तिने तोंड फिरवलं.

"बाई, त्या दिवशी काय झालं ते सांगा."

"आता इचारतंस? तवा तुनी लिवलंस, मना आंगठा मारवलास. मना काय बोलू दिलंस?"

"चुकलं माझं. आता सांगा."

"दुखत व्हतं, तरी मी सांगत व्हते. तू कागदात तोंड घालून. ऐकतंय कोन?"

शेजारच्या खाटेवरची म्हातारी हसली. मी वर्दीत उभा. पण ऐकून घेतलं, कारण बाई खरं बोलत होती. मग तिने सांगितलं. ती लॉरीच्या मागच्या चाकाशी बसली होती, पाटी उटीला टेकवून. एक माणूस आला, पाटी बाजूला सारली आणि उटी उपसायला लागला.

"मी बोलले, ए बाबा, ती कोनाची ती तुला ठाव हाय का? आमची होडी वाळूत वर घेतली का खाली लाकूड घालतात. ते लाकूड धन्याला इचारल्याबगर पोरपन काडीत नाय. काडलं तर होडी मानसावर जाते. तर मना बोलतो, म्हावशे, दोनच मिनटं, इस्टेज हलतंय. आनि तो कोटवाला साहेब हुबा व्हता, त्याला मी हाक मारली. तो बोलला, घेऊ दे गं त्याला. बस गप."

कोटवाला म्हणजे अध्यक्ष. सगळ्या मैदानात कोट एकाच्याच अंगात होता. उटी काढू दिली याने, आणि ओरडत होता ब्रेकवर.

सगळे लोक वर बघत होते, झेंड्याकडे, पुढाऱ्याकडे. चाकाकडे बघणारी एकच बाई होती आणि मी तिचा अंगठा घेऊन निघून गेलो होतो.

मी तिथेच खाली बसून पुरवणी जबाब लिहिला, तिच्या शब्दांत. तीन वेळा वाचून दाखवला. मग स्टेज बांधणाऱ्या मांडववाल्याच्या मागे लागलो. त्याचा टेम्पो आचोळ्यातच एका साखरपुड्याच्या मांडवावर होता. दोन पंच घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळीच पोचलो. स्टेज बांधून झालं होतं, वर सोफा ठेवलेला, खाली नवऱ्या मुलीचा काका फुलांवरून भांडत होता. मी वाकून झालर उचलली. कोपऱ्यातल्या पायाखाली लाकडी ठोकळा, त्यावर पांढऱ्या रंगात दोन.

मांडववाल्याला विचारलं, "हे कुठून आणलं?"

"सव्वीस जानेवारीचं राहिलं, साहेब. फिट बसतंय म्हणून ठेवलं." त्याला त्यात काही वाटलंच नव्हतं! बाईचा पाय आणि हा ठोकळा, याची गाठ त्याच्या डोक्यात पडलीच नव्हती.

काका धावत आला. "फौजदार, हात जोडतो, आता काढू नका. स्टेज पडेल, पाहुणे दारात आहेत."

मी म्हटलं, "काका, काढतो कसा ते बघा." आधी विटा मागवल्या, पायाखाली सारल्या, हलवून बघितल्या, मगच उटी काढली. पंचांसमोर कापडात बांधून सील केली. विटेला किती वेळ लागला? दोन मिनिटं. तीच दोन मिनिटं त्या दिवशी कुणाकडे नव्हती.

मग अध्यक्षांना ठाण्यात बोलावलं. आले ते कोटातच. "मी समाजासाठी काम करतो, फौजदार. निःस्वार्थ. तुम्ही मला कुणाच्या बरोबरीने बसवताय याचं भान ठेवा."

"सव्वीसला मागच्या चाकाची उटी कुणी काढली?"

"मला काय माहीत? गाडीची जबाबदारी ड्रायव्हरची. फळ्यावर लिहिलंय."

"तो फळा कुणी लिहिला?"

मी मांडववाल्याला आत घेतला. बिचारा घाबरून थेट बोलून गेला, "साहेब, तुम्हीच म्हणालात ना, ने लवकर, पुढारी स्टेजवर चढायच्या आत लाव. आणि उटी जप्त झाल्यावर, तुमचं नाव काढू नको म्हणून सांगायला पण तुम्हीच माणूस पाठवलात."

कापडातली उटी मी टेबलावर ठेवली. अध्यक्ष म्हणाले, "दोनच मिनिटांसाठी सांगितलं होतं हो. स्टेज हलत होतं. एवढ्या मोठ्या माणसासमोर मंडळाची अब्रू गेली असती."

"आणि हवालदाराची?"

"तो... त्याला थोडा दंड झाला असता. मी भरला असता."

हात उचलण्यात मी कधी कमी केलं नाही, खोटं कशाला बोलू. त्या दिवशी मी हात टेबलाखाली धरून बसलो. ठोकळ्याने मारीन असं वाटत होतं. रविवारमागून रविवार जो माणूस याच्या गाड्यांखाली पाठीवर झोपला, त्याची अब्रू हा दंड भरून विकत घेणार होता.

ती टीप देणारा यांचाच नातलग निघाला. आणि पुढारी? जुना हँडब्रेक लावलेला होता, शिवाय गाडी गिअरमध्येही होती. पुढारी स्टिअरिंगवर बसले, गिअरचा दांडा हलवून पोज दिली आणि गाडी सुटली. मैदानात दिसेल त्या हातात मोबाईल होता. मी दारोदार फिरलो. एकाच्याही मोबाईलमधून तो फोटो निघाला नाही. वरिष्ठ साहेब म्हणाले, "म्हातारा सुटला ना? मग कशाला ताणता? महिने राहिलेत तुमचे." मी ताणलं. मला समन्स वाटायच्या कामावर टाकलं. ठीक आहे. वाटले समन्स. ड्रायव्हरचं नाव गुन्ह्यातून निघालं, अध्यक्ष आणि मांडववाला आत आले, पुढारी कागदावर आलेच नाहीत. ते अजून जिथे तिथे झेंडे फडकवतात.

ड्रायव्हरला कळवायला मी बाकापाशीच गेलो. म्हटलं, "हवालदार, पंचनाम्यात मी लिहिलं होतं उटी लावलेली नव्हती. तसं लिहायला नको होतं. दिसली नाही, एवढंच लिहायला हवं होतं."

तो उठला, शर्ट नीट केला. "हो. नको होतं," म्हणाला आणि गेला. माफ केलं म्हणाला नाही. मीही मागितली नाही. पण त्यानंतर पेन उघडायच्या आधी मी माणसाला पूर्ण बोलू दिलं, मग तो कितीही कळवळत असो. उरलेल्या महिन्यांत समन्स वाटताना जबाब किती आले असतील? दोन-चार. अक्कल आली ती टोपी उतरवायच्या वेळेला. याचाच राग जास्त आहे.

मंडळ मोडलं नाही. वाडीवाल्याने आणि बाकीच्यांनी ड्रायव्हरच्या पाया पडून त्याला परत आणलं. कोटवाले येत नाहीत. लॉरी अजून मैदानात उभी राहते. पाचूबंदरची बाई आता मासळीच्या लिलावाला खुर्चीवर बसते, पाय लांब करून. मासळी घ्यायला गेलो तर म्हणते, "आला बग अंगठेवाला." बोलू देतो.

आणि प्रजासत्ताक दिनाला मी घरून प्लॅस्टिकची खुर्ची नेतो आणि लॉरीच्या मागच्या चाकाशी, उटीला पाय लावून बसतो. मला कुणी सांगितलेलं नाही. यंदा एक टापटीप तरुण मोबाईल धरून आला. "काका, तुम्ही फ्रेममध्ये येताय. दोन मिनिटं जरा उठा ना."

मी म्हटलं, "नाही उठत."