पाहणी अजून चालू आहे

लिहिण्याची मला सवय नाही. नोकरीत पाकिटांवर पत्ते लिहिले, तेवढंच. पण आमच्या ताईबद्दल मंडईत आता इतक्या थापा चालतात की खरं काय घडलं ते कुणीतरी लिहून ठेवावं असं वाटलं. अर्ज मी लिहिले होते, म्हणून हेही माझ्याच गळ्यात पडलं.

ताई माझ्याहून मोठी. मंडईच्या मागच्या ओळीत तिचं बटणांचं दुकान आहे. दुकान म्हणजे वर पत्रा, खाली लांब फळी आणि फळीवर काचेच्या बरण्यांत बटणं, हुक, चेनी, इलॅस्टिक. एका बटणासाठी आलेल्या गिऱ्हाइकालाही ती ताटकळत ठेवत नाही, आणि चार गोष्टी ऐकवल्याशिवाय सोडतही नाही. मंडईत सगळे तिला बटणताई म्हणतात.

या मागच्या ओळीच्या टोकाला पालिकेने बायकांसाठी स्वच्छतागृह बांधलं. नगराध्यक्षांनी लाल फीत कापली, फोटो निघाले, टाळ्या झाल्या. सगळे गेल्यावर शिपायाने दाराला कुलूप लावलं आणि तोही गेला. ते कुलूप मग निघालंच नाही. फितीचा तुकडा कडीला लोंबत राहिला. आधी तो लाल होता, मग गुलाबी झाला, मग त्याला कसलाच रंग राहिला नाही.

मंडईतल्या बायकांचा यावर जुना उपाय होता. सकाळचा चहा झाला की घरी जाईपर्यंत पाण्याचा घोट घ्यायचा नाही. ताईने वर्षानुवर्षं हेच केलं. मग एक दिवस तिच्या कुशीत अशी कळ आली की गिऱ्हाइकाच्या हातात दोन बटणांऐवजी तिने अख्खी बरणी दिली. गिऱ्हाईक भलं होतं, बरणी परत केली आणि ताईला दवाखान्यात पोचवलं.

"मूतखडा आहे, आजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दिवसभर पाणी पीत राहा."

"पिते की. मग जाऊ कुठे?"

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी चिठ्ठीवर दोन गोळ्या लिहिल्या, पण या प्रश्नावरची गोळी त्यांत नव्हती.

घरी भाच्याने फर्मान काढलं. "आई, बस झालं. दुकान बंद कर. घरात पाणी आहे, संडास आहे, टीव्ही आहे."

"आणि तुझी बायको आहे," ताई म्हणाली.

"ऐकू येतंय हं मला," स्वयंपाकघरातून सून म्हणाली.

"यावं म्हणूनच बोलले."

मेहुणे गेल्यावर ताईने याच फळीमागे बसून या भाच्याला वाढवलं होतं. बराच वेळ शब्दाला शब्द वाढला आणि शेवटी ठरलं ते असं: पुढच्या सोनोग्राफीत खडा वाढलेला निघाला तर दुकानाला कायमचं कुलूप. ताई कबूल झाली. दुसऱ्या दिवशी मला घेऊन ती पालिकेत गेली.

खिडकीतल्या कारकुनाने फाईल काढली, पानं उलटली. "स्वच्छतागृह चालू आहे, मावशी."

"कुलूप आहे त्याला."

"असेल. पण चालू आहे."

त्याच खिडकीशेजारी पाटी होती: नागरिकांना कार्यालयाकडून माहिती मागण्याचा हक्क आहे. ताईने पाटी वाचली आणि माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं.

"धाकट्या, तुझं अक्षर चांगलं आहे," ती म्हणाली. लहानपणी हे वाक्य ती तिचा गृहपाठ माझ्याकडून करून घेताना वापरायची.

पहिल्या अर्जात आम्ही एवढंच विचारलं की स्वच्छतागृहाची किल्ली कोणाकडे आहे. मुदत संपता संपता उत्तर आलं: किल्ली ही वस्तू असून ती माहितीच्या व्याख्येत बसत नाही. मला ते पटलं. ताईला नाही. दुसरा अर्ज: किल्ली बाळगणाऱ्या अधिकाऱ्याचं पद काय? हा अर्ज बांधकाम खात्याने पाणी खात्याकडे पाठवला, पाण्याने आरोग्याकडे, आरोग्याने परत बांधकामाकडे. प्रत्येक जण पाठवल्याची प्रत आम्हाला देत होता, त्यामुळे अर्ज कुठवर पोचला हे एखाद्या नातेवाइकाच्या प्रवासासारखं कळत होतं. शेवटी उत्तर आलं: सदर स्वच्छतागृह सुरळीत वापरात असून दररोज स्वच्छ असते.

ताई कूस धरून हसली. "खोटं काय आहे त्यात? कुणी पायच ठेवला नाही तर घाण कशी होणार?"

पण हसताना ती मध्येच थांबली, आणि चेहरा आवळून फळीला धरून उभी राहिली. सोनोग्राफी जवळ येत होती. मी म्हणालो, "ताई, राहू दे आता. त्यांच्यापुढे आपण कोण?"

ताईने चष्मा लावला. कोऱ्या अर्जाच्या मागे नियम छापलेले होते, ते ती वाचू लागली. नियम मी कधी वाचले नव्हते. नियम वाचले की आपण ते मोडले असतील असं मला वाटत राहतं.

"धाकट्या, हे बघ. नागरिकाला कागद मागता येतात, आणि कामाची पाहणीही करता येते. पाहणी म्हणजे आत जाऊन?"

"आत गेल्याशिवाय कशी होईल?"

"किती वेळ?"

"वेळ काही दिलेली नाही."

"लिही," ताई म्हणाली. "अर्जदार सदर स्वच्छतागृहाची सर्व बाजूंनी पाहणी करू इच्छिते. सोबत सहायक असतील."

"किती सहायक?"

"आकडा घालू नकोस."

"असं कसं चालेल? जागा मोकळी दिसेल."

"दिसू दे."

पाहणी नाकारायला पालिकेला कारण सापडलं नाही. दिवस ठरला. पालिकेतले साहेब आले, सोबत इंजिनियर आणि शिपाई. किल्ली मात्र आली नाही. ती कुठे आहे हे आमच्यापेक्षा जास्त त्यांनाही माहीत नव्हतं. अखेर समोरच्या कुलूपवाल्याने कुलूप तोडलं. दार उघडलं तर आत उद्घाटनाचा गालिचा, त्यावर नगराध्यक्षांची मखमली खुर्ची, खुर्चीवर ध्वनिक्षेपक. शिपायाने सगळं बाहेर काढलं. इंजिनियरने भीत भीत नळ फिरवला. नळ खोकला आणि चक्क पाणी आलं. सगळ्यांत जास्त आश्चर्य इंजिनियरलाच वाटलेलं दिसलं.

ताई आत गेली आणि आतून कडी लावली.

आम्ही पुरुष बाहेर उभे. कुठे बघावं कळेना, म्हणून मी मखमली खुर्चीकडे बघत राहिलो. थोड्या वेळाने साहेब खाकरले. "मावशी, झाली का पाहणी?"

"चालू आहे," आतून आवाज आला.

ताई बाहेर आली तोवर भाजीवाली दारात उभी होती, तिच्यामागे अंडीवाली, तिच्यामागे चपलांच्या दुकानातल्या दोघी, आणि मागे रांग वळून मसाल्याच्या गाळ्यापर्यंत गेलेली.

"या सगळ्या कोण?" साहेबांनी विचारलं.

"सहायक."

"इतक्या?"

"अर्ज बघा. आकडा आहे का?"

साहेबांनी अर्ज बघितला. आकडा नव्हता. त्यांनी मोकळ्या जागेकडे बघितलं, मग अक्षर कुणाचं म्हणून माझ्याकडे. मी खुर्चीकडे.

"मी काय म्हणते साहेब," रांगेतून अंडीवाली म्हणाली, "उभं राहून पाय दुखत असतील तर बसा की. खुर्ची तुमचीच आहे."

साहेब बसले नाहीत. त्यांनी पिशवीतून छापील कागद काढला. पाहणी समाधानकारकपणे पूर्ण झाली, खाली अर्जदाराची सही. सही झाली की फाईल बंद आणि दारही.

ताईने कागद वाचून परत दिला. "पूर्ण कुठे झाली? आज नळ बघितला. अंधार पडल्यावर दिवा लागतो का, ते बघायचंय. साबण नाही. उन्हाळ्यात पाणी टिकतं का, तेही बघायला नको?"

"उन्हाळ्यापर्यंत?"

"सर्व बाजूंनी असं लिहिलंय. तुम्हीच मंजूर केलंय."

पाहणी चालू असताना जागेला कुलूप घालावं की नाही, याबद्दल नियमांत काही नव्हतं. साहेब वर विचारायला गेले. वरच्यांनी आणखी वर विचारलं. तोवर दार उघडं राहिलं. शिपाई दर सोमवारी तो कागद घेऊन ताईकडे यायचा.

"ताई, सही?"

"दिवा लागत नाही रे."

पुढच्या सोमवारी तो बल्ब घेऊन आला. मग साबण आला, बादली आली. पाहणीच्या जागेची दुर्दशा दिसली तर पालिकेचीच अब्रू जायची, म्हणून झाडायला एक बाई नेमली गेली. ती पहिल्या दिवसापासून सहायकांत सामील झाली.

सोनोग्राफीच्या दिवशी मी आणि भाचा बाहेर बाकावर बसलो होतो. ताईआधी डॉक्टरीणबाईच बाहेर आल्या. खडा वाढला नव्हता. उलट बारीक झाला होता. "पाणी पिताय वाटतं," त्या मागून आलेल्या ताईला म्हणाल्या. "मग जाता कुठे?"

"पाहणीला," ताई म्हणाली.

भाच्याने तिला थेट दुकानावर सोडलं. जाताना फळीवरची पाण्याची बाटली भरून ठेवून गेला. मुलगा वाईट नाही.

त्या साहेबांची नंतर बदली झाली. त्यांच्या जागी बाई आल्या. इतके महिने फाईल उघडी कशी म्हणून त्या स्वतःच कागद घेऊन मंडईत आल्या. ऊन मी म्हणत होतं, आणि त्या सकाळपासून गावभर हिंडत होत्या. फळीसमोर उभं राहून त्यांनी कागद ठेवला, पेन ठेवलं. मग इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या, "आजी, सही करा तोवर... इथे जवळपास कुठे सोय आहे का हो?"

ताईने पेन त्यांच्याकडे सरकवलं.

"आहे ना. या ओळीच्या टोकाला. जा, तुम्हीही पाहणी करून या."

बाई परत आल्या तेव्हा तोंडावर पाणी मारलेलं होतं. त्यांनी फळीवरचा कागद उचलला, घडी घालून पर्समध्ये टाकला आणि जाताना ताईकडून साडीपिनांचं एक पाकीट घेऊन गेल्या. सोमवारी शिपाई आला तो साबण घेऊन. कागद काही आणला नव्हता.