सपाट पाऊल

मी विश्रामबागेत मुलींना ज्युदो शिकवते. गेल्या महिन्यात साताऱ्यात प्रशिक्षकांसाठी 'काता'चं शिबिर होतं. काता म्हणजे ठरलेले डाव जोडीनं, ठरल्या क्रमानं करून दाखवायचे. त्यात कुणाला हरवायचं नसतं. उभं कसं राहता, बसता कसं, यावरही गुण असतात.

शिकवायला आमचे म्हातारे सर होते, फौजेतून निवृत्त झालेले. शाळेपासून मी त्यांच्याच हाताखाली शिकले. ते मॅटवर एक गुडघा टेकून बसले नि म्हणाले, "मागच्या पायाची बोटं दुमडून रोवलेली पायजेत. पाऊल सपाट पसरलं की गुण कापले."

माझी कानशिलं तापली. आमच्या वेळी याच माणसानं नेमकं उलटं शिकवलं होतं. पाऊल सपाट, नखं मॅटला टेकलेली.

तेव्हाची माझी जोडीदारीण माधवनगरची, यंत्रमाग कामगाराची मुलगी. लहानपणी मागाचा बीम, सूत गुंडाळायचा जड रूळ, पडून तिचा घोटा मोडला होता. पाऊल सपाट व्हायचंच नाही, ती बोटं रोवूनच बसायची. सर टाचेवर छडी मारायचे. स्पर्धा आठ दिवसांवर असताना त्यांनी तिला काढलं. "शिस्त न्हाई हिच्यात." ती रडली नाही. पोशाखाची घडी घातली, वर पट्टा बांधला आणि गेली. मी दुसरीबरोबर उतरले आणि पदक घेऊन आले.

जेवणाच्या सुट्टीत मी सरांना गाठलं. "सर, याच बोटांपायी तुम्ही तिला काढलंत."

"कुणाला?"

त्यांना ती आठवतही नव्हती. मी सगळं सांगितलं, तेव्हा भाकरी मोडत म्हणाले, "तवा तसं होतं, आता असं हाय. नियम बदलत्यात गं."

"बदलू देत. पण तिचा पाय दुखतोय, हे तेव्हाही दिसत होतं."

"मग तू कवा बोललीस?"

त्यांचं खरं होतं, आणि त्याचाच संताप जास्त झाला. दुपारच्या सत्राला न थांबता मी एसटी पकडली आणि थेट माधवनगरला तिच्या घरी गेले. ती शिवणयंत्रावर बसली होती. माझं सांगून होईपर्यंत तिनं मान वर केली नाही. मग दातानं धागा तोडला.

"हे सांगायला आत्ता आलीस व्हय? तवा एक शब्द बोलली असतीस तरी लय झालं असतं मला."

मी माफी मागितली. तिनं चहा करून पुढ्यात ठेवला. निघताना मी विचारलं, "परत येऊ का?"

"बघ तुझं तू," म्हणाली, आणि यंत्र सुरू केलं.