अडचण काही नाही, मॅडम

महेश्वरी पुण्याची नोकरी सोडून धाराशिवला परत आली, तेव्हा घरच्यांना वाटलं, ही कंटाळून पुन्हा गाडी पकडणार. तिनं मात्र भावाच्या कापड दुकानावरच्या दोन खोल्या झाडून घेतल्या, टेबलं मांडली आणि सॉफ्टवेअर बनवायचं छोटं ऑफिस थाटलं. माणसं इथलीच घेतली. सोमेश ढोकीचा, कमी बोलणारा, जाड भिंगांचा चष्मा लावणारा, पण कोड लिहायला बसला की हात थांबायचा नाही. शिवानी नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली. मोबाईलच्या स्क्रीनवर काय कुठं दिसावं ते ती ठरवायची. आणि बंडप्पा उमरग्याकडचे, पन्नाशीच्या पुढचे, आयुष्यभर संगणकाचे क्लास घेऊन दमलेले. तयार झालेलं तपासायचं काम त्यांच्याकडं.

महेश्वरी शिस्तीची. पुण्याच्या कंपनीत ‘अजाईल’ पद्धतीनं काम चालायचं. थोडं बनवायचं, वापरणाऱ्याला दाखवायचं, त्याचं आणि आपल्या माणसांचं ऐकून पुढचं बदलायचं. तिला ते सगळं ढिलं वाटायचं. ‘आपल्याकडं असं सैल सोडलं तर माणसं डोक्यावर बसतात,’ असं ती भावाला म्हणायची. त्या पद्धतीतली तिनं एकच गोष्ट उचलली होती, सकाळी उभ्यानं घ्यायची बैठक. बाकी आराखडा एकदा ठरला की ठरला. भिंतीवर मोठा तक्ता, त्यात प्रत्येकाच्या नावापुढं रंगवलेले चौकोन.

मागच्या वर्षी तिला भूम तालुक्यातल्या एका खवा गटाचं काम मिळालं. दूध किती आलं, खवा किती निघाला, माल कुठं जायचा, हे सगळं मोबाईलवर दिसायला हवं होतं. गटाचे अध्यक्ष योगीराज अण्णा. दसऱ्याआधी सगळं तयार देते, असा शब्द तिनं अण्णांना दिला आणि तक्ता भरून टाकला.

रोज सकाळी ती विचारायची, “काल काय झालं? आज काय होणार? अडचण?”

“अडचण काही नाही, मॅडम,” सोमेश म्हणायचा. मग शिवानी तेच म्हणायची. बंडप्पाही तेच म्हणायचे. बैठक चहा निवायच्या आत संपायची. महेश्वरीला या गोष्टीचा अभिमान होता.

पितृपक्षात एके दिवशी ती सोमेशला घेऊन गटाच्या भट्टीवर गेली. पत्र्याच्या शेडमध्ये ओळीनं चुली पेटलेल्या, त्यांवर रुंद कढया, त्यांत दूध रटरटत होतं. सगळीकडं वाफ आणि जळणाचा धूर. द्वारकाबाई नावाच्या, खवा करणाऱ्या जुन्या बाई एका कढईत लांब दांड्याचं उलथणं फिरवत होत्या. महेश्वरी त्यांना मोबाईलवर एकेक गोष्ट दाखवत होती.

“चार्जर गाडीत राहिला, आणतो,” असं म्हणून सोमेश वळला आणि सरळ उजवीकडच्या कढईवर चालत गेला.

कुठं ठेच लागली नव्हती, पाय घसरला नव्हता. समोर मोकळी वाट असावी तसा तो चालला होता. द्वारकाबाईंनी उलथणं टाकलं, त्याचा शर्ट मुठीत धरला आणि असा हिसका दिला की तो मागच्या मागं जमिनीवर बसला. उकळतं दूध कढईच्या काठावर आलं आणि खाली बसलं.

“आरं बाळा, जीव द्यायला आलाय व्हय?” त्या ओरडल्या. मग खाली वाकल्या, त्याच्या तोंडाकडं नीट पाहिलं आणि त्याच्या उजव्या कानाजवळ हात हलवला. सोमेश समोरच बघत राहिला.

द्वारकाबाईंचा आवाज एकदम उतरला. “तुला ह्या बाजूचं दिसत न्हाय?”

“न्हाय, मावशी.”

महेश्वरीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मोबाईल हातात तसाच धरून ती उभी राहिली. कुणीतरी सोमेशला पाणी दिलं. आजूबाजूच्या बायका तिच्याकडं बघत होत्या, आणि आपण त्याचा हात धरून त्याला उठवलं पाहिजे हेसुद्धा तिला सुचलं नाही.

गाडी थेट सोलापूरला नेली. बार्शी मागं पडली तेव्हा कुठं तिच्या तोंडून शब्द फुटला.

“कधीपासून, सोमेश?”

“पोळ्याच्या आधीपासून. पहिल्यांदा काळे ठिपके दिसायचे. मग कडेला वीज चमकल्यागत व्हायचं. मग एका बाजूनं अंधार सरकत आला.”

“आणि तू मला सांगितलं नाहीस?”

“डॉक्टरकडं जायला अर्धा दिवस मागितला होता, मॅडम. तुम्ही म्हणाला, दसऱ्यानंतर बघू.”

महेश्वरीनं आठवून पाहिलं. आपण कुठं बोललो, कधी, त्याच्या चेहऱ्यावर काय होतं, काहीच आठवेना. तिच्या लेखी तसं काही घडलंच नव्हतं.

सोलापूरच्या डॉक्टरांनी तपासलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. उजव्या डोळ्याचा आतला पडदा सुटला होता. जाड चष्मेवाल्यांना हा धोका जास्त असतो. ठिपके दिसले तेव्हाच आला असता तर बहुतेक वाचला असता. आता शस्त्रक्रिया करू, पण फार आशा धरू नका. शस्त्रक्रिया झाली. त्या डोळ्याला उजेड कळू लागला, माणसाची सावली कळू लागली. अक्षर काही परत आलं नाही.

ढोकीहून सोमेशची आई आली होती. ती भांडेल, चार शिव्या देईल, अशी महेश्वरीनं मनाची तयारी केली होती. आई म्हणाली, “तुम्ही लई धावपळ केली, बाई.” ते ऐकून महेश्वरीला तिथं उभं राहवेना.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिनं शिवानीला आणि बंडप्पांना सगळं सांगितलं. दोघं हादरतील असं तिला वाटलं होतं. दोघं खाली मान घालून बसले.

“तुम्हाला माहीत होतं?”

शिवानीला रडू फुटलं. “त्याला बारीक अक्षर दिसत नव्हतं म्हणून मी त्याच्या स्क्रीनवरची अक्षरं मोठी करून दिली होती. त्यानं शपथ घातली होती, मॅडम.”

“मी त्याला ओळी वाचून दाखवत होतो,” बंडप्पा म्हणाले. “तुम्ही बाहेर गेलात की.”

चार माणसांच्या ऑफिसात तीन माणसं एक गोष्ट जाणून होती, आणि रोज सकाळी तिच्या समोर उभी राहून तिला सगळं ठीक असल्याचं सांगत होती.

“काका, तुम्ही तरी सांगायचं होतं.”

“कसं सांगायचं? तुम्ही अडचण विचारत होता ते खरं. पण विचारताना हातात पेन असायचं आणि नजर तक्त्यावर. चौकोन मागं पडला का, एवढंच तुम्हाला पाहिजे होतं.” मग हळू आवाजात म्हणाले, “चूक आमचीबी आहे. पोराचा डोळा जाईल असं न्हाय वाटलं.”

त्या दिवशी काम झालंच नाही. संध्याकाळकडं महेश्वरीनं पुण्याच्या एका जुन्या सहकाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, अजाईलच कर, पण नीट कर, आमच्यासारखी मोठी चौकट आण, अहवाल, प्रत्येकाची ठरलेली भूमिका, रोजचे आकडे, सगळं. तिनं ऐकून घेतलं. फोन ठेवल्यावर तिच्या डोळ्यांसमोर अजून एक तक्ता उभा राहिला, आधीच्याहून मोठा. ती शिवानीला आणि बंडप्पांना म्हणाली, “मला हलकी पद्धत पाहिजे. माणूस आजारी पडला तर काम वाकलं पाहिजे. कशी करायची ते मला एकटीला ठरवायचं नाही.”

ठरलं ते साधं होतं. एका वेळी एकच छोटा भाग घ्यायचा. कोण किती उचलणार ते ज्यानं त्यानं सांगायचं. भाग झाला की भट्टीवर नेऊन बायकांच्या हातात द्यायचा, आणि त्या काय म्हणतात त्यावर पुढचा भाग ठरवायचा. सकाळची बैठक बसून घ्यायची आणि आधी माणसाची चौकशी करायची.

योगीराज अण्णांना हे सांगायला ती एकटी गेली. अण्णा भडकले. “दसऱ्याचा शब्द दिला होता तुम्ही! सणासुदीला माल दुप्पट असतो माझा.”

“दसऱ्याला फक्त दुधाच्या मापाचा भाग देते, अण्णा. बाकीचं सावकाश, तुम्हाला विचारून.”

“आणि आम्हाला न्हाय पटलं तर?”

“तर काम दुसऱ्याला द्या. माझी माणसं मी आता ताणणार नाही.”

असं आपण बोललो याचं तिलाच नवल वाटलं. शेडमधून द्वारकाबाईंचा आवाज आला, “मापाचंच द्या आधी. बाकीचं आम्हाला तरी कुठं कळलं होतं?” अण्णांनी कपाळाला आठ्या घालून मान डोलावली. मात्र माल पाठवायचा भाग त्यांनी तिच्याकडून काढून घेतला आणि सोलापूरच्या कुणाला तरी दिला.

नव्या पद्धतीनं पहिल्या सकाळी तिघं गोल बसले. महेश्वरीनं विचारलं, “कसे आहात?” बंडप्पांनी घसा खाकरला.

“आपोआप तपासणारं ते नवं सॉफ्टवेअर तुम्ही आणलंय ना, ते मला अजून येत न्हाय. मी सगळं हातानंच तपासतोय, पहिल्या दिवसापासून.”

शिवानी म्हणाली, “मी शिकवते, काका,” आणि खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

दसऱ्याला मापाचा भाग भट्टीवर चालू झाला. पहिल्याच दिवशी बायकांनी त्यातली निम्मी बटणं नको म्हणून सांगितलं, आणि ती काढून टाकली. दिवाळीनंतर सोमेश कामावर आला. आल्या आल्या म्हणाला, “मला दया नको, मॅडम. माझं काम कमी पडलं तर तसं म्हणा, जास्त होतंय वाटलं तर मी सांगीन.” आता तो सांगतो. डोकं दुखलं की सांगतो, घरी जातो म्हणतो आणि जातो. त्याचं काम पूर्वीइतकं भराभर होत नाही. अण्णांचा गट अजून सोबत आहे.

सोमेश तिच्याशी नीट वागतो, चहा पाजतो, तिच्या चुका काढतो. पण त्याच्या उजव्या बाजूनं ती कधी काही बोलली, की तो दचकून सगळी मान वळवतो आणि डाव्या डोळ्यानं तिला शोधतो. तेवढ्या क्षणापुरतं काय बोलायचं होतं ते ती अजूनही विसरून जाते.