तोंडात टाचण्या

गल्लीत सगळे तिला टाचणीबाई म्हणतात. घराच्या पुढच्या खोलीत ती कपडे सैल-घट्ट करून देते आणि काम करताना ओठांत टाचण्या धरते. त्यात एक सोय आहे. तोंडात टाचण्या असलेल्या बाईकडून कुणी उत्तराची अपेक्षा करत नाही.

तिची पाच वर्षांची लेक दत्तक होती, आणि हे लेकीला आपल्याच तोंडून कळावं, एवढं तिनं ठरवलं होतं. पण लेक "मी बाळ होते तेव्हा" म्हणाली, की हिच्या ओठांत टाचण्या. सासूबाईंच्या मते सांगूच नये. नवरा म्हणे, सांगू की, घाई काय; आणि घाई न करण्यात तो तरबेज होता. नणंदेचं मत होतं, असल्या गोष्टी पोटात ठेवाव्यात. हे मत ती गल्लीभर सांगून आली होती.

एका दुपारी नणंद नवा कोट घालून आरशापुढे उभी होती, गळ्यापासून बाह्यांपर्यंत टाचण्यांनी जखडलेली. लेक जमिनीवरच्या टाचण्या लोहचुंबकानं वेचत होती. नणंदेला माया दाटून आली.

"पोटची असती तरी इतकी गुणी निघाली नसती."

"पोटची म्हणजे?" लेकीनं आईला विचारलं.

टाचणीबाईनं ओठांतल्या टाचण्या काढून मनगटावरच्या उशीत खोचल्या आणि ती लेकीशेजारी बसली. तू दुसऱ्या एका बाईच्या पोटातून जन्मलीस, तिला तुला सांभाळणं जमणार नव्हतं, आम्हाला तू हवी होतीस, म्हणून आम्ही तुला घरी आणलं, असं तिनं सांगितलं. मनात घोकलेल्या वाक्यांतलं एकही त्यात नव्हतं.

लेक गिऱ्हाइकांची मापं ऐकतच वाढलेली. "मापात नाही बसले तर परत द्यायचं?"

"परत कपडे देतात. तू काय कपडा आहेस? सैल हो, घट्ट हो, तू इथलीच."

नणंद दाराकडे सरकली आणि टाचणी टोचून जागीच थांबली. टाचणीबाई काही तिला सोडवायला उठत नव्हती.

"आत्याला माहीत होतं?"

"हो. सगळ्यांनाच."

लेक वळली. "आत्या, सगळ्यांना सांगितलंस, मग मलाच का नाही?"

आत्या कोटावरच्या टाचण्या मोजू लागली. टाचणीबाईनं उशीतली एक टाचणी उपसून तिच्यापुढे धरली.

"ओठांत धरा, वन्सं. होते हळूहळू सवय."