पालथेबाबू

आमच्या दवाखान्यातले बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, समोर कोणी आलं की टेबलावरचा कागद आधी पालथा करायचे आणि मग ‘बसा’ म्हणायचे. मग ते विजेचं बिल का असेना! म्हणून आम्ही त्यांना पाठीमागे पालथेबाबू म्हणायचो. नव्या पोस्टमनला तर ते त्यांचं आडनावच वाटलं होतं.

दवाखाना वर्ध्याजवळचा, कुष्ठरोगाचा. सत्तरचं दशक संपत आलं होतं. रोग औषधाने बरा व्हायचा, पण गावात नाव फुटलं की त्यावर औषध नव्हतं. पेशंटची कार्डं लावायचं काम माझं. गुप्ततेची पाटी भिंतीवर लावा, असं एकदा मी सुचवलं. “भिंतीवरचं कोन वाचते बे?” बाबू म्हणाले. “मानूस मोठ्याच्या हाताकडं पाह्यते.” खरंच, महिनाभरात माझाही हात आपोआप कागद पालथे करू लागला.

तोंड मात्र शिकलं नव्हतं. एकदा एक गृहस्थ आले. भाच्यासाठी त्यांनी दोन मुली पाहिल्या होत्या. पहिलीचं नाव घेऊन म्हणाले, “हे पोरगी इथं येते का जी?” ती येत नव्हती. मी मोठ्या मनाने सांगून टाकलं, “छे हो, नाई येत.” मग त्यांनी दुसरीचं नाव घेतलं. आता मला शहाणपण सुचलं. “ते सांगता येत नाई,” मी म्हटलं. गृहस्थ हसून उठले. दुसरीच्या घरी ते पुन्हा गेलेच नाहीत.

बाबू रागावले नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं. “तुह्या ‘नाई’नं घात केला रे,” एवढंच म्हणाले. “एकीले नाई म्हनलं, का दुसरीले हो म्हनल्यासारखंच होते. सगळ्यायले एकच उत्तर देत जाजो.” तेव्हापासून आम्ही “बाबू, जेवले का?” विचारलं, तरी ते गंभीरपणे म्हणायचे, “सांगता येत नाई.”

पुढे चारपाच वर्षांनी सेलूचे पाहुणे थेट त्यांच्याच टेबलाशी आले. बाबूंच्या मुलीची सोयरीक त्यांच्याकडे जवळपास ठरली होती. “तुमी इतके वर्सं इथं. लोकं काहीबाही बोलून राह्यले,” पाहुणे म्हणाले. “पोरीचं कार्ड तं नाई ना इथं? तुमचा शब्द पुरे आमाले.”

आम्ही चौघं कामं सोडून बघत राहिलो. देवा, यांना एकदा ‘नाही’ म्हणू दे, असं मी मनात घोकत होतो. बाबूंनी समोरचा कागद पालथा केला.

“इथं कोनाचंच सांगत नाई जी,” ते म्हणाले. “माह्या पोरीचंही नाई.”

सोयरीक मोडली. त्यांच्या घरात कितीतरी दिवस कोणी त्यांच्याशी धड बोलत नव्हतं. मुलीचं पुढे लग्न झालं, चांगलं झालं. पण त्या दुपारनंतर आमच्यापैकी कोणाच्या तोंडून एकही नाव बाहेर गेलं नाही. कोणत्या तोंडाने जाणार होतं?

बाबूंना जाऊन बरीच वर्षं झाली. मला त्यांची फार आठवण येते. कार्डं लावणारा मीच, हे बायकोला पक्कं ठाऊक आहे. “आता तं सांगा,” ती अधूनमधून विचारते, “होतं का बाबूंच्या पोरीचं कार्ड?”

मी हातातला पेपर पालथा करतो आणि चहा मागतो.