एल्विनकाकांचं बोट

मोंटानातल्या लाकूडगिरणीत एल्विनकाकांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. उरलेल्या बोटांनी ते चाळीस वर्षं गॅरेजात बंदुकीच्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरत आले होते. त्या सकाळी त्यांची पुतणी रोंडा हिने नेमबाजीच्या सामन्यासाठी स्वतः शंभर काडतुसं भरली होती, आणि काका प्रत्येकाच्या बुडावरून तर्जनी फिरवत बसले होते.

"काका, काडतुसं आहेत ती, मांजराची पिल्लं नाहीत. पुरे कुरवाळणं! उशीर होतोय."

"होऊ दे. तुझी रायफल पुढचं काडतूस आपणहून आत ओढते, धाडकन. बुडाची ठिणगी पाडणारी टोपी केसभर जरी वर राहिली, तरी झडप पुरती बसायच्या आत बार उडेल. तुझ्याच तोंडावर."

त्र्याहत्तराव्या काडतुसावर बोट थांबलं. "हे बघ."

रोंडाने ते उजेडात धरलं, काही दिसेना. टेबलावरच्या काचेवर उभं केलं, तेव्हा ते किंचित डुललं.

तिच्या डोळ्यांना दिसलं नव्हतं ते त्या बोटाला कळलं होतं. तिने गाडीची किल्ली खाली ठेवली.

"उरलेली सत्तावीस तू बघ," काका म्हणाले. "डोळे मिटून."